चेहऱ्याची नोंद

धाकटी ज्या खोलीत काम करायची, तिथे खिडक्या चांगल्या मोठ्या होत्या, पण पडदे कायम ओढलेले. रस्त्यावरून जाणाऱ्याला चुकूनसुद्धा आतले स्क्रीन दिसता कामा नयेत, असा नियम. त्यामुळे बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत ट्यूबलाइट. सोळा टेबलं, सोळा स्क्रीन, आणि प्रत्येक स्क्रीनवर जगानं ओकलेली घाण. ती उपसायची, हे धाकटीचं काम. कुणी विचारलंच तर ती 'कॉम्प्युटरचं काम' म्हणून मोकळी व्हायची. खरं सांगून समोरच्याचं जेवण कशाला घालवा?

लोकांना वाटतं ही कामं यंत्रं करतात. करतात की! पण यंत्र अडलं की माणसाला विचारतं, आणि तो माणूस अशाच कुठल्यातरी पडदे ओढलेल्या खोलीत बसलेला असतो. कायदा तसा सुटसुटीत होता. इंटरनेटवरच्या एखाद्या फोटोबद्दल किंवा व्हिडिओबद्दल तक्रार आली की चोवीस तासांत निकाल लावायचा. तक्रार उघडली की स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल आकड्यांचं उलटं घड्याळ सुरू व्हायचं. खाली दोन बटणं: एक 'काढा', दुसरं 'हरकत नाही'. 'काढा' दाबलं की त्या गोष्टीची नोंद व्हायची, म्हणजे ती पुन्हा वर येऊ नये, आणि नोंद झालेली गोष्ट ज्याच्या त्याच्या फोनमधूनही जायची.

नोंदी तीन तऱ्हांच्या. पहिली, हीच फाइल. दुसरी, हिच्यासारख्या दिसणाऱ्या फायली. तिसरी, हा चेहरा. ही तिसरी पळवून नेलेल्या लहान मुलांसाठी ठेवलेली होती. ती केली की तो चेहरा जिथे जिथे असेल तिथून उचलला जायचा, आणि सात दिवसांनी कायमचा पुसला जायचा. राक्षसांच्या हातात एकही फोटो उरू नये म्हणून कायदा करणाऱ्यांनी विचार करूनच तसं लिहिलं होतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक निकालाला आणि नोंदीला दोन सह्या लागत. एक बघणाऱ्याची, दुसरी पडताळणाऱ्याची. दुसऱ्यानंही सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचं, असं कागदावर होतं. पण त्या खोलीत वेगळीच रीत पडली होती. दुसरी सही करणारा बघायचाच नाही. एकाच्या झोपेचं खोबरं झालं तेवढं पुरे, दुसऱ्याला कशाला त्यात ओढा? धाकटीच्या शेजारी एक तपासनीस बसायचा, त्याला सगळे गप्पीदास म्हणत, कारण त्याच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की संध्याकाळी दारातच बंद पडायचा. गप्पीदासच्या नोंदींवर धाकटी न बघता सही करायची, तिच्या नोंदींवर तो. याला त्या खोलीत कुणी कामचुकारपणा म्हणत नसे. माणुसकीच म्हणत, आणि होतीही ती माणुसकीच.

धाकटीला एक थोरली बहीण होती, नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा धाकटीच्या वेण्या घालण्यापासून शाळेत तिच्या बाजूनं भांडण्यापर्यंत सगळं थोरलीनंच केलं. पुढे थोरलीचं लग्न झालं, नवरा सहा वर्षांत गेला, आणि मागे राहिली एक मुलगी. ती एका जागी दोन मिनिटं ठरायची नाही म्हणून घरात तिचं नाव पडलं भिंगरी. बहिणींची घरं एकाच इमारतीत, थोरलीचं तिसऱ्या मजल्यावर आणि धाकटीचं पाचव्या. भिंगरी दोन्हीकडे जेवायची आणि दोन्हीकडच्या भाजीला नाकं मुरडायची. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. जीव लावायला ही एक भाची होती आणि ती तिला पुरत होती.

भिंगरी एकोणीस वर्षांची असताना, एका सकाळी, कॉलेजला जाताना, रंगकामासाठी बांधलेली परांची कोसळली आणि ती तिच्याखाली सापडली. समोरच्या फुटपाथवरच्या कुणीतरी ते फोनवर टिपलं. बावन्न सेकंद. फोन खिशात टाकून त्यानं तेवढ्या वेळात दोन फळ्या उचलल्या असत्या तर ती वाचली असती का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि बहिणींनी विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत ते बावन्न सेकंद गावभर झाले. ओळखीच्या, अनोळखी माणसांनी थोरलीला ते पाठवलं. 'ही तुमचीच ना?' असं विचारून पाठवलं, 'फार वाईट झालं' असं लिहून पाठवलं. माणसं दुष्ट नव्हती, फक्त बिनडोक होती, पण त्यानं थोरलीला काय फरक पडणार? तिनं फोन उलटा घालून ठेवला आणि धाकटीला एवढंच म्हणाली, "तुझं कामच आहे ना हे? मग माझ्या पोरीला तिथून उचल."

धाकटीनं उचलायला सुरुवात केली. खरं तर नात्यातल्या माणसाची तक्रार आपण हाताळायची नाही, असा नियम होता. फॉर्मवर 'संबंधित व्यक्तीशी नातं' असा रकाना असे. तो तिनं मोकळा सोडला. व्हिडिओ तिनं एकदाही बघितला नाही. टेबलावरचे स्क्रीन सगळं आधी करड्या रंगात, टपाल तिकिटाएवढं दाखवत. तेवढ्यावरून तो ओळखून ती 'काढा' दाबायची. पण तो परत यायचा. कुणी कडा कापून टाकलेला, कुणी वेग कमी केलेला, कुणी वर रंग चढवलेला. पहिल्या तऱ्हेची नोंद झाली, दुसऱ्या तऱ्हेच्या तर सत्तावीस झाल्या. अकरा दिवस ती हेच करत होती.

बाराव्या दिवशी थोरलीनं कसलीतरी साधी माहिती बघायला फोन उघडला आणि तो व्हिडिओ आपणहून सुरू झाला. ती अनवाणी दोन मजले चढून वर आली. दारात उभी राहिली. धाकटीनं तिला धरून आत आणलं, पाणी दिलं, आणि त्याच क्षणी मनाशी ठरवलं की आता पुरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तिसरी नोंद उघडली. हा चेहरा. यंत्रानं चेहऱ्याचं स्पष्ट चित्र मागितलं. ते त्या व्हिडिओतून काढून द्यायचं असतं. पण त्यासाठी तो बघावा लागला असता, आणि तेवढं धाडस तिच्यात नव्हतं. मग तिनं स्वतःच्या फोनमधला फोटो दिला. जेवणाच्या टेबलाशी बसलेली भिंगरी, समोर बघून खळखळून हसणारी, खिडकीतून चांगला उजेड आलेला. यंत्राला इतकं छान चित्र क्वचितच मिळालं असेल. गप्पीदास त्या वेळी घरमालकाच्या कुत्र्याची कुठलीशी गोष्ट सांगत होता. गोष्ट न थांबवता त्यानं दुसरी सही केली.

आणि खरंच शांत झालं. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. व्हिडिओ येईना. थोरली दोन घास नीट जेवायला लागली. धाकटीला वाटलं, चला, आयुष्यात एक तरी काम आपण धड केलं.

दहाव्या दिवशी सकाळी थोरलीचा फोन आला. माझा फोन बिघडलाय, येऊन बघ, म्हणाली. धाकटी खाली गेली. थोरलीच्या कपाटावर फोनमधले फोटो आळीपाळीनं दाखवणारी एक चौकट होती, भिंगरीनंच पहिल्या शिष्यवृत्तीतून आणलेली. भिंगरी गेल्यापासून बंद ठेवलेली ती चौकट थोरलीनं आज पहिल्यांदा लावली होती. एक करडा चौकोन आला. मग दुसरा करडा चौकोन. मग समुद्र. मग पुन्हा करडं. मग एका बाकावर बसलेली थोरली, आणि तिच्या खांद्यावर रेललेलं निळं जॅकेट, आणि जॅकेटच्या वर, मानेपासून केसांपर्यंत, करडा चौकोन. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: हा मजकूर कायद्यानुसार उपलब्ध नाही.

धाकटी तिथेच पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं स्वतःचा फोन उघडला. नोंद केल्यापासून तिनं फोटो उघडलेच नव्हते. त्यातही तेच. वाढदिवस, सहली, आजारपण, उगाच काढलेले तोंड वेंगाडलेले फोटो, सगळीकडे तो सपाट करडा रंग. यंत्राला तिनं हसरा चेहरा शिकवला होता. यंत्रानं जगातली सगळी हसरी भिंगरी वेचून काढली होती, आणि सात दिवस उलटून गेले होते.

थोरलीला तिनं तेव्हा काही सांगितलं नाही. फोन दुरुस्त करून आणते म्हणाली आणि वर जाऊन भिंगरीच्या मैत्रिणींना, मामाला, कॉलेजला, ज्याला त्याला फोन लावत सुटली. सगळ्यांकडे तीच गत. एक मैत्रीण म्हणाली, मला वाटलं माझ्याच हातून पुसले गेले, आणि रडायला लागली. घरात कागदावर छापलेले फोटो होते ते भिंगरी चार वर्षांची होईपर्यंतचे. मग घरात कॅमेऱ्याचा फोन आला आणि फोटो छापायचं सगळ्यांनीच सोडून दिलं. एक छापील फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावर होता. पण तिची पिशवी परत मिळाली तेव्हा त्यात ओळखपत्र नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी ऑफिसातल्या कायदा अधिकाऱ्याकडे गेली. त्यांना सगळे कलमकाका म्हणत. साधं 'बसा' म्हणतानासुद्धा ते कुठल्या कलमाखाली म्हणतायत असं वाटायचं. माणूस मात्र प्रेमळ. त्यांनी चष्मा लावून पुस्तक काढलं आणि शांतपणे वाचून दाखवलं. चेहऱ्याची नोंद रद्द होते. त्यासाठी त्या व्यक्तीनं स्वतः समोर यायचं. व्यक्ती हयात नसेल तर वारसानं अर्ज करायचा. अर्जासोबत त्या चेहऱ्याचा अलीकडचा स्पष्ट फोटो जोडायचा.

"आणि फोटोच नसेल तर?" धाकटीनं विचारलं.

कलमकाकांनी पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आले, चष्मा काढला. तसं कुणाच्या लक्षात आलं नसावं, म्हणाले. आणि बाई, नोंद रद्द झाली तरी पुसलेलं काही परत येत नाही, तेवढं मनाशी धरून ठेवा. नोंद कुणी केली, हे त्यांनी विचारलं नाही. बहुतेक त्यांना कळलं असावं.

त्या संध्याकाळी धाकटीनं थोरलीला सगळं सांगितलं. फोटो कुठला दिला तेही सांगितलं. वाटलं होतं ही आपल्याला बोल बोल बोलेल, दोन थोबाडीतही देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरलीनं फक्त विचारलं, तुझ्याकडचा पण गेला? धाकटी म्हणाली, गेला. त्यावर थोरली उठून स्वयंपाकघरात गेली आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

त्यानंतर जे सुरू झालं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. भिंगरी आईचंच तोंड घेऊन जन्माला आली होती, सगळेच म्हणायचे. आता मामानं व्हिडिओ कॉल केला की बोलता बोलता थोरलीच्या हनुवटीपाशी बारीक चौकोन उठायचे आणि वर चढत जायचे. मामा तिकडून ओरडायचा, अगं दिसत नाहीयेस, उजेडात ये. थोरलीच्या लग्नाचे फोटो मागे कधीतरी फोनवर घेऊन ठेवले होते; एके दिवशी बघते तो नवरीच्या जागी करडा चौकोन. यंत्राची काही चूक नव्हती. त्या वयात मायलेकी तशाच दिसत असणार.

पण खरी भीती वेगळीच होती. एका दुपारी थोरली धाकटीजवळ येऊन बसली. कितीतरी दिवसांनी आपणहून बसली होती. म्हणाली, तिच्या भुवया कशा होत्या ते सांग. धाकटीनं डोळे मिटले. तिला निळं जॅकेट दिसलं. जिन्यावरून धडाधड उतरतानाचे पाय दिसले. 'मावशी, मीठ कमी आहे' हे त्या आवाजात ऐकू आलं. मग तिनं नजर वर नेली, आणि जॅकेटच्या वर सपाट करडा चौकोन होता. तिनं डोळे गच्च मिटून पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

"मलाही तसंच दिसतं," थोरली म्हणाली. "चार वर्षांची दिसते. त्याच्या पुढची दिसतच नाही."

फोनमधलं पुसलं जातं हे धाकटी जाणत होती. डोक्यातलं कोण पुसतंय? तिनं स्वतःलाच समजावलं की दुःखात असं होतं, डॉक्टरला विचारू. पण विचारलं नाही, कारण डॉक्टर 'हो, होतं असं' म्हणाला असता आणि त्यानं काहीच बदललं नसतं.

महिना उलटला असेल. सकाळी साडेदहाला धाकटीनं त्या दिवशीची चौथी तक्रार उघडली. टपाल तिकिटाएवढं करडं चित्र. फुटपाथ, फळ्या. व्हिडिओ परत आला होता. कुणीतरी आरशातल्यासारखा उलटा केलेला, मूळ आवाज काढून वर गाणं लावलेलं. फायलींच्या नोंदी त्यामुळे चुकल्या होत्या. आणि चेहरा? चेहऱ्याच्या रकान्यात यंत्रानं लिहिलं होतं: साम्य एकतीस टक्के. साठच्या आत असलं की यंत्र सोडून द्यायचं. हसणाऱ्या मुलीशी उलट्या केलेल्या चित्रातल्या मुलीचं यंत्राला फारसं साम्य वाटलं नव्हतं.

'काढा'वर बोट गेलं आणि थबकलं. जगात आता मोठ्या झालेल्या भिंगरीचं एवढंच चित्र उरलं होतं. धाकटीनं गाणं बंद केलं, चित्र मोठं केलं, रंग चालू केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बावन्न सेकंद बघितले. पहिले तीस सेकंद नुसती धूळ आणि माणसांचे पाय. मग धूळ बसते. एकतिसाव्या सेकंदाला फळीच्या मागे ती दिसते. चेहऱ्यावर पांढरी भुकटी, पण जखम नाही. ती मान हळूहळू इकडे करते. ओठ हलतात. कुणालातरी शोधत असल्यासारखे डोळे फिरतात. मग कुणाची तरी पाठ आड येते आणि संपतं.

भिंगरीच होती. उजवी भुवई मध्येच तुटलेली, लहानपणी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली होती तिथे. उलट्या चित्रात ती डावी दिसत होती. इतके दिवस डोक्यात बसलेला करडा चौकोन झटक्यात गळून पडला आणि धाकटी टेबलावर डोकं ठेवून रडली. त्या खोलीत कुणी रडलं तर बाकीचे बघत नसत. गप्पीदाससुद्धा गप्प झाला.

सावरल्यावर तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की चेहरा दिसतो तिथे व्हिडिओ थांबवला. निदान एक चित्र काढून घेता येईल. थांबवताक्षणी यंत्राला निवांत निरखायला मिळालं. साम्य बासष्ट, आणि चित्र करडं. पुन्हा चालू केलं तर ती पुन्हा होती. थांबवलं की गेली. हलत असली तरच ती राहत होती.

लाल घड्याळात सोळा तास उरले असताना धाकटी घरी आली. थोरलीच्या दाराशी पोचली तर आतून तेच गाणं ऐकू येत होतं. कुणातरी भल्या माणसानं तिलाही पाठवला होता. थोरली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, फोन दोन्ही हातांत धरून. स्क्रीनचा खालचा भाग तिनं अंगठ्यांनी झाकला होता, म्हणजे फळ्या दिसू नयेत. केस विंचरलेले होते. महिनाभरात पहिल्यांदा.

"भुवई आठवली," ती म्हणाली. "तुला तक्रार आली असेल ना?"

धाकटीनं मान हलवली. तिनं तिला समजावलं, म्हणजे समजावायचा प्रयत्न केला. उद्या सकाळपर्यंत मला निकाल द्यावाच लागेल. 'काढा' म्हटलं की तुझ्या फोनमधूनही जाईल. पण राहिला तर काय होईल? तूच म्हणाली होतीस ना, ते बघणाऱ्यांचे डोळे फुटोत म्हणून? लोक बघतील, हसतील, गाणी लावतील, उद्या कुणी त्यावर विनोद करेल. ती तिथे अशी रस्त्यावर पडून राहील, ताई, कायमची.

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पडून राहू दे. मला दिसते तरी."

थोड्या वेळानं तिनं फोन खाली ठेवला आणि धाकटीचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, मनगटाशी. "तू माझ्याकडून सगळी नेलीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "एवढी एक ठेव."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला, घड्याळात एक तास बाकी असताना, धाकटीनं 'हरकत नाही' दाबलं. कारणांच्या यादीतून 'सार्वजनिक हिताचा मजकूर' निवडलं. आत्तापर्यंत दुसऱ्यांच्या लेकीबाळींचे असले किती व्हिडिओ तिनं डोळे झाकून काढले होते, आणि त्या आयांना त्याबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं, हे तिला तेव्हा सुचलं. दुसरी सही व्हायला तीन सेकंद लागले.

त्यानंतर थोरलीचा दिवसच तो झाला. सकाळचा चहा, खिडकी, खुर्ची, फोन. धाकटी ऑफिसातून आली की थोरली तिला सांगायची, आज काय झालं. आज ती 'पाणी' म्हणाली. दोन दिवसांनी म्हणाली, नाही, पाणी नव्हे, 'आई' म्हणते, ओठ नीट मिटतायत. मग एके दिवशी दबक्या आवाजात, जवळ बोलावून: आज जरा जास्त वेळ बघितलं तिनं माझ्याकडे. मान अजून थोडी वळवली. धाकटी म्हणाली, ताई, तोच व्हिडिओ आहे, तो कसा बदलेल? थोरली हसली. लहान मुलाला हसावं तशी. तू तुझ्या ऑफिसात बघतेस, म्हणाली, तिथे कशाला वळेल ती?

धाकटीनं दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो पुन्हा लावला. मान होती तेवढीच वळत होती, डोळे बाजूला कुठेतरी. संध्याकाळी घरी येऊन थोरलीच्या खांद्यावरून बघितला. एकतिसाव्या सेकंदाला भिंगरीनं मान वळवली आणि सरळ खुर्चीकडे बघितलं. धाकटीनं दिवा लावला आणि थोरलीला जेवायला वाढलं.

बघणाऱ्यांचा आकडा व्हिडिओखाली दिसायचा. पहिल्या आठवड्यात तो काही शेकड्यांत होता. मग हजारांत गेला. कारण उघड होतं, आणि धाकटीला ते कळलं. कुणीतरी एकच व्हिडिओ दिवसातून दोनशे वेळा, शेवटपर्यंत बघतंय, हे यंत्राला दिसत होतं. यंत्राला वाटलं, चांगला दिसतोय. त्यानं तो पुढे सरकवला. बसमध्ये, दवाखान्यांच्या बाकांवर, जेवणाच्या सुट्टीत, जिथे माणसं फोन उघडत तिथे तो सुरू व्हायला लागला. थोरली जेवढी बघत होती तेवढी तिची मुलगी जगभर पसरत होती. एकदा गप्पीदासच म्हणाला, परवा असला एक घाणेरडा व्हिडिओ माझ्या बायकोला आला, परांचीचा, कुठला नालायक माणूस हे वर राहू देतो कोण जाणे. धाकटी म्हणाली, हो ना.

तक्रारी येत राहिल्या. दिवसाला दोन, मग सहा, मग अकरा. त्या दुसऱ्या टेबलांवर जाऊ नयेत म्हणून ती लवकर येऊन आधी त्या उचलायची. लहान मुलांनी बघितलं, आईला चक्कर आली, मन सुन्न झालं, काढून टाका. प्रत्येक तक्रार खरी होती. प्रत्येक माणूस बरोबर बोलत होता. ती 'हरकत नाही' दाबत गेली, 'सार्वजनिक हित' लिहीत गेली, आणि थोरलीचा सकाळचा चहा चालू राहिला.

मग नवा नियम आला: तक्रार फेटाळायची तर यादीतलं कारण चालणार नाही, तक्रारदाराला स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहायचं. त्या दिवशीची पहिलीच तक्रार एका अनोळखी बाईची होती. तिनं फार काही लिहिलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं: ह्या मुलीच्या घरचं कुणी नाही का?

धाकटीनं ते तीनदा वाचलं. लाल घड्याळ सुरू झालं होतं. उत्तराचा रकाना मोकळा होता. मग तिनं लिहिलं, "आहे. आई आहे, मावशी आहे," आणि 'हरकत नाही' दाबलं.